नारा, श्रमदान आणि मोजपट्टी

शाळेत पाण्याचा विषय बहुधा दोन वेळा येतो. एकदा पुस्तकातल्या जलचक्राच्या धड्यात आणि एकदा २२ मार्चला, जागतिक जलदिनी. त्या दिवशी प्रभातफेरी निघते, घोषवाक्यांच्या पाट्या रंगवल्या जातात, निबंधस्पर्धा होते, शपथ घेतली जाते. महाविद्यालयात गेल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर असते. त्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरून वनराई बंधारा घातला जातो. अलीकडे यात ‘जलदूत’, ‘जलमित्र’ अशा पदव्यांची भर पडली आहे. मुलांना पाणी वाचवायला शिकवायचे आणि त्यातूनच त्यांच्यात नेतृत्व घडवायचे, असा दुहेरी हेतू या उपक्रमांमागे असतो. हेतूविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच की, उपक्रम संपल्यावर मुलाला काय येते?

आम्ही यासाठी एक साधी कसोटी सुचवतो. उपक्रमात भाग घेतलेल्या मुलाला तीन प्रश्न विचारावेत. तुझ्या गावात गेल्या पावसाळ्यात किती पाऊस पडला? आज गावच्या विहिरीत पाणी किती खोलीवर आहे? आणि मधल्या काळात ते पाणी कोणी, कशासाठी वापरले? या प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येत नाहीत, तो मुलगा फेरीत पहिल्या रांगेत चालला असला तरी पाण्याविषयी काही शिकला, असे म्हणता येणार नाही. ही कसोटी बुलढाणा जिल्ह्याला लावून पाहू. कारण तेथे पाण्याची कामे मोठ्या प्रमाणावर झाली आहेत आणि पाण्याचे प्रश्नही एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हेचे आहेत.

नळ बंद करा, असे कोणाला सांगायचे?

बहुतेक पाट्यांवर सांगितलेले असते की, दात घासताना नळ बंद ठेवा. ज्या गावात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलीला ही पाटी धरायला लावणे म्हणजे तिची थट्टाच आहे. हंडे वाहणाऱ्या मुलीला पाणी जपून वापरायला शिकवावे लागत नाही.

पण भावना बाजूला ठेवून आपण गणित करू. दोन हजार वस्तीच्या गावात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले, तर वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर लागते. आता शेताकडे वळू. एक हेक्टर हरभऱ्याला ५ सेंटिमीटर पाण्याची ओलिताची एक पाळी दिली, तर ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी लागते. याचा अर्थ, गावाचे वर्षभराचे घरगुती पाणी म्हणजे फक्त ८० हेक्टर हरभऱ्याची एक पाळी. गावातील प्रत्येकाने नळ बंद करून रोज ५ लिटर वाचवले, तर वर्षाची बचत सुमारे साडेसात हेक्टरांच्या एका पाळीइतकी भरते.

नळ वाहता ठेवावा, असा याचा अर्थ नव्हे. पण गावाच्या पाण्याचा निकाल न्हाणीघरात लागत नाही, तो शेतात आणि पिकाच्या निवडीत लागतो, हे सातवीतील मुलालाही वरच्या गणितावरून समजते. घोषवाक्य त्याला हे कधीच सांगत नाही. उलट, टंचाईचा दोष ज्यांचा सर्वांत कमी, त्यांच्याच डोक्यावर ते ठेवते.

वॉटर कपने काय शिकवले?

नाऱ्यांच्या पुढे गेलेला उपक्रम म्हणून पाणी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’चा उल्लेख करायला हवा. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली ही गावागावांतील स्पर्धा २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोचली. त्या वर्षी मोताळा तालुक्यातील सिंदखेड या गावाने राज्यात दुसरा क्रमांक मिळवला. हा मान त्याला साताऱ्याच्या भांडवली गावाबरोबर विभागून मिळाला. (जिजाबाईंचे सिंदखेड राजा ते वेगळे.) ८ एप्रिल ते २२ मे, ऐन उन्हाळ्यातील ४५ दिवस, गावे रात्रंदिवस राबत होती.

या उपक्रमाची जमेची बाजू मोठी आहे. आधी प्रशिक्षण आणि मग काम, हा क्रम त्याने पाळला. समपातळी रेषा आखण्यासाठी साधी इंग्रजी ‘ए’ आकाराची चौकट किंवा पाण्याची नळी गावकऱ्यांच्या हाती दिली. चर किती खोदला ते घनमीटरमध्ये मोजायला लावले. पाण्याच्या ताळेबंदालाही गुण ठेवले. ज्या मुलाने आईवडिलांबरोबर चराची लांबी, रुंदी, खोली मोजली, त्याला घनफळाचा धडा पुन्हा शिकवावा लागणार नाही. पुढे याच संस्थेने शाळकरी मुलांसाठी ‘निसर्गाची धमाल शाळा’ हा खेळांवर बेतलेला उपक्रम काढला, तोही स्वागतार्हच.

उणीव मात्र स्पर्धेच्या रचनेतच होती. घड्याळ २२ मेला थांबत असे आणि पाऊस जूनमध्ये येतो. म्हणजे ज्याला मुख्यतः गुण मिळत होते, ती होती साठवणक्षमता. त्यात पाणी आले का, मुरले का आणि पुढच्या मार्चमध्ये विहिरीत उरले का, हे पाहण्याआधीच निकाल ठरत होता. २०१९ नंतर ही स्पर्धा झाली नाही. पण रिकाम्या भांड्याचे माप आणि पाण्याचे माप या दोन गोष्टी एकच समजण्याची चूक तिच्यापुरती नाही. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाबरोबर बुलढाणा जिल्ह्यात यंत्रांच्या साह्याने तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घेतले, त्यालाही हाच प्रश्न लागू आहे. गाळ काढल्याने तलाव खोल होतो. त्यात पाणी किती वेळा भरले, हे वेगळे मोजावे लागते.

राज्य शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानावर साडेनऊ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला आणि २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने भूजल पातळीवर त्याचा परिणाम अल्पच दिसतो, असा शेरा मारला. अभियानाच्या समर्थकांना तो मान्य नव्हता. हा वाद मिटवायला कामापूर्वीच्या आणि कामानंतरच्या नोंदी लागतात. अशा नोंदी प्रत्येक गावच्या शाळेत असत्या, तर वाद इतका लांबला नसता.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाण्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सहज सांगतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. पाण्याच्या उपक्रमांना मात्र ही साधी गोष्ट आठवत नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही पाटी चिखली-मेहकरला तीच आणि संग्रामपूरलाही तीच.

घाटावर काळा पाषाण आहे. हा खडक थराथरांचा असतो. वर मुरूम, मध्ये भेगाळलेला थर, त्याखाली घट्ट, पाणी न शोषणारा दगड. घट्ट दगडावर चर खणला तर तो भरतो, पण पाणी मुरत नाही; उन्हाने उडून जाते. मुरमात मुरले तरी त्याची धारणशक्ती फार कमी, ढोबळमानाने शेकडा दोन धरू. म्हणजे एका हेक्टरखाली भूजल पातळी एक मीटरने वर आली, तर मिळते २ लाख लिटर पाणी. वरच्या गणितातील हरभऱ्याची एक पाळी ५ लाखांची. तेवढ्याच जमिनीखाली पाणी अडीच मीटर चढले, तर एक पाळी निघते! पावसाळ्यानंतर तुडुंब दिसणारी विहीर फेब्रुवारीत तळ का दाखवते, याचे उत्तर येथे आहे.

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात वेगळेच जग आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांचा काही भाग खारपाणपट्ट्यात येतो. येथे शेकडो मीटर जाडीचा गाळाचा थर आहे आणि त्यातील भूजल खारे आहे. जिरवलेले गोडे पाणी खाऱ्यात मिसळण्याचा धोका असल्याने येथे पृष्ठभागावर साठवण, शेततळे किंवा छतावरचे पाणी धरणे यांचा विचार आधी करावा लागतो. येथील मुलाने ‘किती पाणी’ याबरोबर ‘कसले पाणी’ हाही प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.

तो प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे जानेवारी २०२५ मध्ये दिसले. शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. नमुने तपासले गेले. पुढे तपास गव्हातील सेलेनियमकडे वळला. पाण्याच्या जुन्या नोंदी हाताशी नसल्या की संशय कोणावरही जातो आणि अफवा नोंदींची जागा घेते.

नेतृत्व म्हणजे काय?

उपक्रमांत नेतृत्वाचा अर्थ बहुधा पुढे चालणे, मोठ्याने बोलणे, सूत्रसंचालन करणे असा घेतला जातो. त्यामुळे नेता होतो तो आधीच धीट असलेला मुलगा. आणि पाणी आणणारी, म्हणून पाण्याविषयी सर्वांत जास्त जाणणारी मुलगी पाटी धरून मागे उभी राहते.

महाराष्ट्रातील पाण्याच्या कामांतून नेतृत्वाचा दुसरा अर्थ मिळतो. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या संख्येवर वाटले, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि उसाला मनाई केली. हिवरे बाजारमध्ये पाऊस किती पडला ते पाहून ग्रामसभा पिके ठरवते. आंध्र प्रदेशातील सात दुष्काळी जिल्ह्यांत २००३ च्या सुमारास सुरू झालेल्या एका प्रकल्पात शेतकरी स्त्री-पुरुषांनीच पाऊस व विहिरींची पातळी मोजून पिकांचा ताळेबंद मांडला. या तिन्ही ठिकाणी नेतृत्व म्हणजे वाटपाचा अवघड प्रश्न सर्वांसमोर मांडण्याचे धैर्य. आणि जेथे पाणी मोजले जाते, तेथे त्या धैर्याला आकड्याचा आधार मिळतो. स्पर्धेत नेमका हाच प्रश्न बाजूला पडतो. कारण वरच्या गावाने अडवलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्याचे असू शकते, आणि स्पर्धेत दोघे प्रतिस्पर्धी असतात.

शाळेला काय करता येईल?

यासाठी निधी लागत नाही, सातत्य लागते. सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्या जागी ठेवून रोज सकाळी आठला त्यातील पावसाची उंची पट्टीने मोजावी आणि डबा रिकामा करावा. गावातील तीन विहिरी निवडाव्यात, एक नाल्याजवळची, एक मधली, एक उंचावरची. खुणा केलेल्या दोराला वजन बांधून पाण्याची खोली महिन्यातून एकदा, पंप सुरू होण्यापूर्वी घ्यावी. दोर शिक्षकाने किंवा विहीरमालकाने सोडावा, मुलांनी कठड्यापासून दूर राहून नोंद करावी. मेअखेरची आणि ऑक्टोबरची नोंद कधीही चुकवू नये. एका पसरट भांड्यातील पाणी एप्रिलमध्ये रोज किती मिलिमीटर उतरते, तेही पाहावे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीची दुसरी बाजू त्यातून कळेल. खारपाणपट्ट्यातील शाळांनी एक लिटर पाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली आटवून उरलेला क्षार तोलावा. पिण्याच्या पाण्यात लिटरला अर्ध्या ग्रॅमपर्यंत क्षार असणे योग्य, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दोन ग्रॅमपर्यंत चालतात, असे भारतीय मानक सांगते.

नोंदवहीची जबाबदारी दर महिन्याला दुसऱ्या विद्यार्थ्याकडे, आळीपाळीने मुलगा-मुलगी, अशी द्यावी. वर्षाअखेरीस त्या वर्गाने आपला आलेख ग्रामसभेपुढे मांडावा. १९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांची मुले स्थानिक प्रश्नावर गटाने प्रकल्प करतात. तेथेही तो जाऊ शकेल. पण पहिला मान ग्रामसभेचा.

यात एक अडचण येईल, हे लपवण्यात अर्थ नाही. कोणाच्या विहिरीने किती पाणी उपसले, हे आलेखावर दिसू लागले की गावातील काही मंडळींना ते रुचणार नाही आणि त्याचा रोख शिक्षकावर येईल. म्हणून सुरुवात शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या विहिरीपासून करावी आणि खाजगी विहिरींवर मालकाच्या संमतीनेच जावे. आकडे मांडताना दोष कोणाला देऊ नये, प्रश्न मात्र जरूर विचारावा. एखादी आठवीतील मुलगी उभी राहून म्हणाली, ‘ऑक्टोबरात पाणी चार मीटरवर होते, फेब्रुवारीत अकरा मीटरवर गेले; मधले सात मीटर कोठे गेले?’, तर उत्तर देण्याची जबाबदारी मोठ्यांवर येते. तेवढे झाले तरी त्या शाळेचा उपक्रम कसोटीला उतरला, असे आम्ही मानू.