हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या लेखनातील ‘स्वातंत्र्य’ : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे लेखन प्रामुख्याने लढ्यातील सहभागींनी केले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी आणि अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे होत. साक्षीदाराची प्रत्यक्षता हे या परंपरेचे बळ आहे. विजयी पक्षाची दृष्टी ही तिची मर्यादा होय. ‘स्वातंत्र्य’ या संकल्पनेच्या आधारे या मर्यादेचा विचार करणे अगत्याचे ठरते.

विवेचन :

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपुष्टात आले आणि निजामाने स्वतंत्र राज्याचा दावा केला. स्टेट काँग्रेसने मात्र ७ ऑगस्टलाच भारतीय संघराज्यात सामील होण्याची मागणी करणारा दिन पाळला होता. म्हणजे एकच शब्द दोन परस्परविरोधी अर्थांनी वापरला जात होता : एकीकडे संस्थानाचे स्वातंत्र्य, दुसरीकडे संस्थानापासून प्रजेचे स्वातंत्र्य. यातील दुसरा अर्थ लोकशाहीशी सुसंगत होता, यात शंका नाही. तथापि, प्रजा एकजिनसी नव्हती. श्यामसुंदर, बी. एस. व्यंकटराव यांच्यासारखे दलित नेते निजामाच्या बाजूस राहिले, तर डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये अनुसूचित जातींना निजामाची बाजू न घेण्याचे आवाहन केले. हा मतभेद केवळ फितुरी म्हणून निकालात काढल्यास सवर्ण वर्चस्वाविषयीची दलितांची भीती अनुत्तरित राहते.

दुसरा प्रश्न शेवटाचा आहे. रूढ कथन १७ सप्टेंबर १९४८ रोजी थांबते. परंतु १९५० ते १९५६ या काळात निजामच हैदराबादचा राजप्रमुख होता. पोलीस कारवाईदरम्यान व तिच्यानंतर झालेल्या हिंसाचारात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा सुंदरलाल समितीचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत परभणीशेजारचा नांदेड होता. हा अहवाल २०१३ पर्यंत सर्वसामान्य अभ्यासकांच्या हाती नव्हता. त्यामुळे आधीच्या लेखकांना सर्वस्वी दोष देता येत नाही. आता मात्र ही सबब उरलेली नाही. रझाकारांचे अत्याचार नोंदवणाऱ्या लेखणीने नंतरचे बळीही नोंदवले पाहिजेत. त्याने लढ्याची नैतिकता उणावत नाही.

समारोप :

महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेले परतूर १९८१ पासून जालन्यात आहे, तर हिंगोली १९९९ मध्ये वेगळा जिल्हा झाला. आजच्या सीमांनुसार लिहिलेला जिल्ह्याचा इतिहास म्हणूनच अपुरा ठरतो. दरवर्षी १७ सप्टेंबरला महाविद्यालयांत होणाऱ्या व्याख्यानांनी गौरवासोबत ही चिकित्साही स्वीकारली, तरच ‘मुक्ती’ हा शब्द विद्यार्थ्यांपर्यंत अर्थासह पोहोचेल.