अर्ध्यावरचा ध्वज : शिष्टाचार, अधिकार आणि संहितेचे शब्द

‘भारतीय ध्वजसंहिता, २००२’ ही शासकीय सूचनांची संहिता आहे, साहित्यकृती नव्हे. तेव्हा तिच्या शब्दांची समीक्षा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सहजच उपस्थित होईल. परंतु ज्या लेखनाच्या आधारे एखादी कृती आज आदराची ठरते आणि तीच कृती उद्या गुन्हा ठरू शकते, त्या लेखनातील शब्दयोजना तपासून पाहणे हे कोणत्याही जुन्या पोथीच्या अर्थनिर्णयाइतकेच आवश्यक कार्य आहे. राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरविण्यासंबंधीचे संहितेतील परिच्छेद या दृष्टीने विशेष विचारार्ह आहेत. ते थोडे आहेत, भाषेने रुक्ष आहेत. पण राष्ट्राने कोणासाठी शोक करावा आणि तो शोक सुरू करण्याचा अधिकार कोणाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांत गृहीत धरलेली आहेत. ही उत्तरे परस्परांशी जुळतात काय, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

१

प्रथम शिष्टाचाराचा भाग. ध्वज अर्ध्यावर फडकवावयाचा असल्यास तो आधी दंडाच्या टोकापर्यंत चढवावा, क्षणभर तेथे राहू द्यावा आणि मग अर्ध्यावर आणावा. सायंकाळी उतरविण्यापूर्वी पुन्हा एकदा टोकापर्यंत न्यावा, असे संहिता सांगते. अमेरिकेच्या काँग्रेसने १९४२ साली संमत केलेल्या ध्वजसंहितेतही हाच विधी जवळजवळ याच शब्दक्रमाने आला आहे. हे साम्य केवळ भाषेचे नाही. ध्वजाचे खरे स्थान टोकावरच आहे, अर्ध्यावरचे स्थान हे तात्पुरते व हेतुपुरस्सर स्वीकारलेले आहे, हा अर्थ दोन्ही विधींत सारखाच आहे. थेट अर्ध्यापर्यंतच चढविलेला ध्वज हा शोकाचा ध्वज नव्हे. तो अपुरा चढविलेला ध्वज होय. कृती पूर्ण करून मगच तिच्यात उणेपणा आणावयाचा, ही या खुणेची सगळी अर्थवत्ता आहे.

‘अर्धा’ या शब्दाचा अर्थ मात्र सर्वत्र एक नाही. ब्रिटिश प्रघातात ध्वज दंडाच्या दोन तृतीयांश उंचीवर ठेवतात. आपल्या संहितेच्या टिपेनुसार दंडाला ताणाची दोरी असेल तर टोक आणि ती दोरी यांमधील अंतराचा अर्धा भाग घ्यावयाचा, दोरी नसेल तर दंडाचा अर्धा भाग. म्हणजे संहितेने येथे संकेतापेक्षा मापाला अधिक महत्त्व दिले आहे. मापाची ही काटेकोर वृत्ती पुढील परिच्छेदांत टिकली असती तर बरेच प्रश्न उद्भवले नसते.

काळाचा हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. मृत्यूची वार्ता दुपारनंतर आली तर दुसऱ्या दिवशीही ध्वज अर्ध्यावर ठेवावा, मात्र त्या दिवशी सूर्योदयापूर्वी अंत्यविधी झालेला नसावा, असा नियम आहे. येथे काळ मोजला जातो तो मृत्यूच्या घटकेपासून नव्हे, वार्ता पोहोचण्याच्या घटकेपासून. तारयंत्राच्या युगाची ही विचारपद्धती वार्ता क्षणार्धात पसरण्याच्या युगात तशीच राहिली. जुलै २०२२ च्या दुरुस्तीने नागरिकाला आपल्या घरावर ध्वज दिवसरात्र फडकविण्याची मुभा दिली; तथापि अर्ध्यावरच्या ध्वजाचा विधी ‘दिवसाअखेर ध्वज उतरविताना’ या जुन्या गृहीतावरच उभा आहे. जो ध्वज रात्री उतरतच नाही, त्याचा शोकविधी कोणत्या घटकेला संपतो, याचे उत्तर त्या शब्दांतून मिळत नाही.

२

आता अधिकाराचा भाग. संहितेत पदाधिकाऱ्यांची एक यादी आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व पंतप्रधान यांच्या निधनानंतर ध्वज संपूर्ण भारतात अर्ध्यावर येतो. लोकसभेचे अध्यक्ष व सरन्यायाधीश यांच्यासाठी दिल्लीत. केंद्रीय मंत्रिमंडळातील मंत्र्यासाठी दिल्लीत व राज्यांच्या राजधान्यांत. राज्यपाल व मुख्यमंत्री यांच्यासाठी त्या त्या राज्यात. राज्याच्या मंत्रिमंडळातील मंत्र्यासाठी त्या राज्याच्या राजधानीत. शोकाचा भूगोल पदाच्या अधिकारक्षेत्राशी असा तंतोतंत जुळविलेला आहे. ही यादी व्यक्तीचा विचार करीत नाही, पदाचा करते. आणि तेही मृत्यूच्या क्षणी धारण केलेल्या पदाचा. माजी राष्ट्रपती वा माजी पंतप्रधान यांना तिच्यात स्थान नाही. १९५४ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या घोषणेत मात्र विद्यमान व माजी राष्ट्राध्यक्ष यांत भेद केलेला नाही. दोघांसाठीही तीस दिवस सांगितले आहेत.

या यादीच्या जोडीला संहितेत दुसरे एक वाक्य आहे. कोणाही मान्यवराच्या निधनानंतर शासकीय दुखवटा पाळावयाचा झाल्यास त्या संपूर्ण काळात ध्वज अर्ध्यावर राहील. केंद्रातील मान्यवरासाठी देशभर, राज्यातील मान्यवरासाठी त्या राज्यात. हे वाक्य यादीच्या नंतर येते व वरवर पाहता तिला पूरक भासते. परंतु प्रत्यक्ष व्यवहारात सगळा भार याच वाक्यावर पडला आहे. २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम, २०१८ साली अटलबिहारी वाजपेयी आणि २०२४ च्या डिसेंबरात डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनानंतर सात-सात दिवसांचा दुखवटा पाळला गेला. तिघेही त्या वेळी यादीतील पदावर नव्हते. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांचे निधन झाले आणि दोन दिवस देशभर ध्वज अर्ध्यावर होता. गायनकलेला तर यादीत स्थान असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे यादी हा नियम व दुखवटा हा अपवाद अशी रचना कागदावर असली, तरी लोकांच्या स्मरणात राहिलेले बहुतेक दुखवटे अपवादाच्या वाक्यातून आलेले आहेत.

येथे ‘मान्यवर’ हा शब्द कळीचा ठरतो. तो यादीतील पदाधिकाऱ्यांपुरताच घ्यावा, की त्याचा व्यापक अर्थ करावा? संकुचित अर्थ घेतल्यास वरील सर्व दुखवटे संहितेबाहेरचे ठरतात. व्यापक अर्थ घेतल्यास यादीला किमान मर्यादेपलीकडे महत्त्व उरत नाही आणि मान्यता कोणत्या निकषावर द्यावयाची, याविषयी संहिता मौन पाळते. व्यवहाराने दुसरा अर्थ स्वीकारला आहे व तो योग्यच आहे. महात्मा गांधींनी कोणतेही शासकीय पद धारण केले नव्हते; १९४८ साली ज्या राष्ट्राने त्यांच्यासाठी दुखवटा पाळला, त्याच्या शोकाला केवळ पदांची यादी कधीच पुरेशी नव्हती. प्रश्न व्यापक अर्थाचा नाही, निकषाच्या अभावाचा आहे. निकष नसला की प्रत्येक दुखवटा हा गौरव ठरतो आणि न पाळलेला प्रत्येक दुखवटा हा निवाडा वाटू लागतो.

३

संहितेतील सर्वांत विचित्र वाक्य याहून पुढचे आहे. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, महात्मा गांधींची जयंती, ६ ते १३ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताह, राष्ट्रीय आनंदाचा ‘अन्य’ कोणताही दिवस, अथवा राज्याच्या स्थापनेचा वर्धापनदिन, यांपैकी एखादा दिवस दुखवट्यात आल्यास ध्वज अर्ध्यावर आणावयाचा नाही. ज्या इमारतीत पार्थिव असेल तेथेच तो अर्ध्यावर राहील आणि पार्थिव हलविल्यावर टोकास नेला जाईल. १ मे रोजी महाराष्ट्रात दुखवटा असला तरी त्या दिवशी ध्वज टोकावरच राहील, असा याचा अर्थ.

या वाक्यातील ‘अन्य’ हा एक शब्द त्याच्या आधीच्या सर्व दिवसांना आनंदाचे दिवस ठरवून टाकतो. परंतु राष्ट्रीय सप्ताहाचा आरंभ १९१९ च्या ६ एप्रिलच्या हरताळाने होतो आणि शेवट १३ एप्रिलच्या जालियनवाला बागेतील हत्याकांडाने. ज्या सप्ताहाची सांगता राष्ट्राच्या एका मोठ्या शोकात आहे, तो व्याकरणाच्या ओघात आनंदात जमा झाला. त्या सप्ताहात ध्वज ताठ असावा, या निर्णयाचे समर्थन करता येईल. हुतात्म्यांच्या स्मृतीला झुकलेला नव्हे तर उंचावलेला ध्वज शोभतो, असे म्हणता येईल. पण तसे म्हणावयाचे असते तर ते वेगळ्या शब्दांत म्हणावयास हवे होते.

आनंद व शोक एकत्र आले असता काय करावे, हे अमेरिकेच्या घोषणेने सांगितलेलेच नाही. त्यामुळे हॅरी ट्रुमन यांच्या २६ डिसेंबर १९७२ रोजी झालेल्या निधनानंतर २० जानेवारी १९७३ चा निक्सन यांचा शपथविधी अर्ध्यावरच्या ध्वजांखाली झाला. जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी निवर्तले तेव्हा तोच प्रसंग पुन्हा उद्भवला. या वेळी प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ पुरते संसदभवनावरील ध्वज टोकास नेण्याचा आदेश दिला आणि काही राज्यांच्या गव्हर्नरांनीही तसेच केले. नियम मूक असला की अधिकार अनेक हातांत विखुरतो, हे या उदाहरणाने स्पष्ट होते. त्या तुलनेत भारतीय संहितेने हा प्रश्न आधीच ओळखून सोडविला, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे.

४

अधिकाराचा खरा पेच मात्र नागरिकाच्या बाबतीत येतो. संहितेचा दुसरा भाग सामान्य नागरिक, खाजगी संस्था व शिक्षणसंस्था यांच्यासाठी आहे. त्यात एक निषेधात्मक वाक्य आहे : शासनाच्या सूचनेनुसार सार्वजनिक इमारतींवरील ध्वज अर्ध्यावर असतील ते प्रसंग वगळता ध्वज अर्ध्यावर फडकवू नये. राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ यात २००३ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात हेच वाक्य अवमानाच्या प्रकारांमध्ये समाविष्ट झाले. या अधिनियमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच स्पष्टीकरणात ध्वज जमिनीला लागू देणे वा केशरी पट्टा खाली ठेवून तो लावणे या कृत्यांबाबत ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द योजिला आहे. अर्ध्यावरच्या ध्वजाबाबत तो नाही. शोक करणाऱ्याचा हेतू आदराचा असणार हे उघड असता नेमका तेथेच हेतूचा उल्लेख गळावा, ही त्या मसुद्यातील मोठी उणीव होय.

२००४ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदल खटल्यात ध्वज सन्मानाने फडकविण्याचा नागरिकाचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्वाळा दिला. राष्ट्राविषयीची निष्ठा व अभिमान व्यक्त करण्याचा तो मार्ग आहे, हे त्या निर्णयाचे सूत्र. तीन लेख एकत्र वाचले असता निष्कर्ष असा निघतो की, ध्वजाच्या द्वारा अभिमान व्यक्त करण्यास नागरिक स्वतंत्र आहे, शोक व्यक्त करण्यास नाही. तो दुखवट्यात सहभागी होऊ शकतो. दुखवटा सुरू करू शकत नाही. सीमेवर पडलेल्या जवानाच्या शवपेटीवर ध्वज घातला जातो, परंतु त्याच्या गावातील शाळेने शासनाच्या सूचनेवाचून आपला ध्वज त्या दिवशी अर्ध्यावर आणला तर ती अवमानाच्या व्याख्येत सापडते. विद्यापीठाने आपल्या दिवंगत कुलगुरूंसाठी तसे केले तरी स्थिती तीच.

या बंधनाची दुसरी बाजूही न्याय्यपणे मांडली पाहिजे. प्रत्येक संस्था व प्रत्येक पक्ष आपापल्या मृतांसाठी राष्ट्रध्वज उतरवू लागला तर ती खूण राष्ट्राची उरणार नाही. तिच्यात चढाओढ शिरेल आणि वर्षाचे थोडेच दिवस ध्वज टोकावर दिसेल. अमेरिकेत नागरिकाने ध्वज अर्ध्यावर आणल्यास शिक्षा सांगितलेली नाही. पण तेथे नियम असूनही वाद टळले नाहीत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांच्या निधनानंतर व्हाइट हाउसवरील ध्वज नियमातील मुदत संपताच टोकास नेण्यात आला आणि टीका होताच त्याच दिवशी पुन्हा उतरविण्यात आला. १९९७ साली राजकुमारी डायना यांच्या निधनानंतर बकिंगहॅम राजवाड्याने जुना प्रघात पाळून दंड रिकामा ठेवला. लोकक्षोभानंतर अंत्ययात्रेच्या दिवशी तेथे ब्रिटनचा राष्ट्रध्वज अर्ध्यावर फडकला. दोन्ही ठिकाणी नियम पाळला गेला होता आणि दोन्ही ठिकाणी नियमाचे पालन हाच अनादर समजला गेला. तेव्हा केवळ मोकळीक दिल्याने किंवा केवळ काटेकोरपणाने हा प्रश्न सुटत नाही.

५

त्यावरचा मार्ग संहितेच्या शब्दांतच काही अंशी उपलब्ध आहे. अधिनियमात ‘शासनाच्या सूचना’ असे म्हटले आहे. कोणते शासन, हे सांगितलेले नाही. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ यानुसार केंद्रीय अधिनियमांत ‘शासन’ या शब्दात केंद्र व राज्य या दोहोंचा समावेश होतो. या अर्थाने राज्य शासनाची सूचनाही पुरेशी ठरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा यांच्या निधनानंतर महाराष्ट्र शासनाने एक दिवसाचा दुखवटा जाहीर केला, त्याला शब्दांचा आधार येथे सापडतो. अमेरिकेत २००७ च्या दुरुस्तीने सेवेत असताना मृत्यू पावलेल्या सैनिकासाठी गव्हर्नरने आदेश दिल्यास त्या राज्यातील संघराज्याच्या कार्यालयांनीही तो पाळावा, असे ठरविले आहे. भारतात राज्य शासनाला हीच वाट खुली आहे : गावासाठी, जिल्ह्यासाठी, एखाद्या संस्थेसाठी मर्यादित सूचना काढण्यास संहितेत कोठेही प्रतिबंध नाही. शोक सुरू करण्याचा अधिकार शासनाकडे राहील आणि तरीही शाळेच्या अंगणातील ध्वजाला आपल्या गावच्या मृत्यूची दखल घेता येईल.

त्यासाठी संहितेत तीन शब्दांकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. ‘मान्यवर’ या शब्दाला निकष हवा. ‘अन्य’ हा शब्द राष्ट्रीय सप्ताहापासून दूर करावयास हवा. आणि अधिनियमात जेथे ‘हेतुपुरस्सर’ नाही तेथे तो यावयास हवा. ध्वज अर्ध्यावर आणण्यापूर्वी तो टोकापर्यंत न्यावा लागतो, कारण त्याशिवाय उतरण्याला अर्थ येत नाही. नियमाचेही तसेच आहे : त्याचे शब्द आधी पूर्ण झाले, तरच त्यातील बंधन आदराचे वाटते.