विस्थापितांची साक्ष आणि न्यायाची भाषा : चागोसविषयक दोन ग्रंथांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना :

विस्थापन हा आधुनिक साहित्याचा एक महत्त्वाचा आशयविषय आहे. मराठी वाचकाला तो प्रामुख्याने धरणग्रस्तांच्या चित्रणातून परिचित आहे. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ ही कादंबरी या संदर्भात सहज आठवते. तेथे शासन विस्थापितांची दखल घेते. त्यांच्या नावे कागद होतात, मग ते कागद फिरत राहतात. हिंदी महासागरातील चागोस बेटांवरून हाकलल्या गेलेल्या लोकांच्या बाबतीत मात्र ‘येथे कायमचे रहिवासी कधी नव्हतेच’ असा पवित्रा शासनाने घेतला. ज्यांचे असणेच नाकारले गेले, त्यांनी न्याय कोणत्या भाषेत मागायचा, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने शेनाझ पटेल यांची फ्रेंच कादंबरी ‘चागोसचे मौन’ (2005, इंग्रजी अनुवाद 2019) आणि फिलिप सँड्स यांचा ‘द लास्ट कॉलनी’ (2022) हा इंग्रजी ग्रंथ यांचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

अठराव्या शतकात फ्रेंचांनी आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम आणून या बेटांवर नारळाचे मळे उभे केले. 1814 मध्ये बेटे ब्रिटिशांकडे गेली. गुलामगिरी संपल्यावर काही भारतीय मजूरही तेथे पोहोचले. या सर्वांतून स्वतःची क्रिओल बोली, गाणी आणि दफनभूमी असलेला एक समाज घडला. मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असतानाच, 8 नोव्हेंबर 1965 रोजी, ब्रिटनने चागोस मॉरिशसपासून वेगळे काढून नवी वसाहत निर्माण केली. 1966 च्या करारान्वये डिएगो गार्सिया हे मुख्य बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी देण्यात आले. त्यानंतर 1967 ते 1973 या काळात सुमारे दीड ते दोन हजार लोक बाहेर काढले गेले. जे उपचारासाठी वा भेटीसाठी मॉरिशसला आले होते, त्यांना परतीचे जहाजच मिळाले नाही. उरलेल्यांचा धान्यपुरवठा आटवला गेला, त्यांची कुत्री मारली गेली आणि शेवटी त्यांना जहाजात भरले गेले.

त्या काळातील एका ब्रिटिश सरकारी टिपणात या लोकांचा उल्लेख ‘टारझन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ असा कुत्सितपणे केलेला आढळतो. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबले पाहिजे. डॅनिएल डीफोच्या कादंबरीतील फ्रायडे हा नाव नसलेला, मालकाने नाव दिलेला माणूस. वसाहतवादी साहित्याने घडवलेली ही प्रतिमा अडीचशे वर्षांनंतर एका कचेरीत निर्वासनाच्या समर्थनासाठी वापरली जाते, ही बाब साहित्य आणि सत्ता यांच्या संबंधाविषयी बरेच काही सांगून जाते.

‘चागोसचे मौन’ : स्मृतीची मांडणी

शेनाझ पटेल या मॉरिशसच्या पत्रकार-लेखिका. प्रत्यक्ष विस्थापितांच्या कथनांवर त्यांची कादंबरी आधारलेली आहे. शार्लेझिया, रेमोंद आणि देझिरे ही तिची तीन मुख्य पात्रे. पोर्ट लुईच्या धक्क्यावर येऊन समुद्राकडे पाहत राहणारी शार्लेझिया ही कादंबरीची मध्यवर्ती प्रतिमा होय. रेमोंदचा मुलगा देझिरे निर्वासितांना नेणाऱ्या ‘नॉर्डव्हेर’ जहाजावर जन्मतो आणि जहाजाचेच नाव त्याला चिकटते. आपण कोठले, हा त्याचा प्रश्न त्यामुळे भावनिक राहत नाही. जन्मस्थान म्हणून ज्याला भूमीच सांगता येत नाही, त्याची नागरिकता कोणत्या नोंदवहीत शोधावी?

लेखिकेने आक्रोश टाळला आहे. नारळ फोडणे, मासे, शनिवारचे नाच अशा साध्या तपशिलांतून गमावलेले जग उभे राहते. विस्थापितांच्या बोलीत या दुःखाला ‘साग्रेन’ असा शब्द आहे. त्या दुःखानेच माणसे मेली, असे ते सांगतात. त्याचबरोबर मॉरिशसमधील झोपडवस्त्यांत त्यांच्या वाट्याला आलेला तिरस्कारही कादंबरी लपवत नाही. मॉरिशसच्या लेखिकेने आपल्याच समाजाकडे रोखलेली ही नजर हे या कादंबरीचे मोठे बळ आहे. बेटावरील जीवनाचे चित्र मात्र काही ठिकाणी अतिरम्य झाले आहे. मळ्यांची मालकी आणि मजुरीतील विषमता यांचा पुरेसा ताण त्यात जाणवत नाही.

‘द लास्ट कॉलनी’ : साक्षीचे सामर्थ्य आणि मर्यादा

सँड्स हे आंतरराष्ट्रीय न्यायालयात मॉरिशसचे वकील होते. हे ते स्वतःच सांगतात. पेरोस बान्होस बेटावरील लिझबी एलिझे ही त्यांच्या ग्रंथाची नायिका. 27 एप्रिल 1973 रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, गर्भवती असताना तिला जहाजावर चढवण्यात आले. पुढे तिचे मूल गेले. तिला लिहितावाचता येत नसल्याने तिचे क्रिओलमधील निवेदन चित्रित करून सप्टेंबर 2018 मध्ये हेग येथील न्यायालयाला दाखवण्यात आले. चार मिनिटांहून कमी अवधीच्या त्या निवेदनाभोवती सँड्स यांनी अर्धशतकाचा कायदेविषयक इतिहास गुंफला आहे. 1982 मध्ये चाळीस लाख पौंडांच्या भरपाईपोटी याच लोकांकडून इंग्रजी कागदांवर अंगठे घेतले गेले होते. पुढे 2012 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच तडजोडीच्या आधारे त्यांचा अर्ज अग्राह्य ठरवला. ही पार्श्वभूमी लक्षात घेता आपल्या भाषेत बोलणाऱ्या लिझबीची साक्ष किती मोलाची आहे, हे ध्यानात येते.

25 फेब्रुवारी 2019 रोजी न्यायालयाने तेरा विरुद्ध एक अशा मताधिक्याने चागोसचे विभाजन बेकायदेशीर ठरवले. ग्रंथाचा उत्कर्षबिंदू हाच आहे आणि त्याची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. न्यायालयाने दिलेले मत मॉरिशसच्या निर्वसाहतीकरणाविषयीचे होते. पुनर्वसनाचा प्रश्न मानवी हक्कांचा म्हणून महासभेकडे सोपवताना ‘चागोसी वंशाच्या व्यक्तींसह मॉरिशसचे नागरिक’ अशा आशयाची शब्दयोजना न्यायालयाने केली. म्हणजे निर्वासित समाज स्वतंत्र लोकसमूह म्हणून न येता एका राष्ट्राच्या नागरिकांचा उपवर्ग म्हणून येतो. साक्ष लिझबीची, अधिकार राज्याचा. सँड्स यांना या विसंगतीची जाणीव आहे, परंतु वकिलाची निष्ठा त्यांना तिच्या मुळाशी जाऊ देत नाही. ब्रिटनने 1972 च्या समझोत्यानुसार दिलेले साडेसहा लाख पौंड मॉरिशसच्या शासनाकडून विस्थापितांच्या हाती पडायला 1977 उजाडावे लागले. हा तपशील त्यांच्या कथेच्या केंद्रस्थानी यायला हवा होता.

पुढील घटनांनी ही शंका रास्त ठरवली आहे. 22 मे 2025 रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी कराराच्या मसुद्यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यात सार्वभौमत्व मॉरिशसकडे, परंतु डिएगो गार्सियाचा ताबा नव्याण्णव वर्षे ब्रिटनकडे अशी तरतूद आहे. विस्थापितांसाठी चार कोटी पौंडांचा निधी ठेवला आहे; पुनर्वसन मात्र अन्य बेटांपुरतेच. त्याच दिवशी डिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन स्त्रियांनी या कराराविरुद्ध लंडनच्या न्यायालयात दाद मागितली होती. दुसरीकडे, अनेक वर्षे लढा देणारे ऑलिव्हिए बान्कू यांच्यासारखे नेते कराराचे स्वागत करतात. विस्थापितांमध्येही एकमत नाही. त्यांना एकत्र बसवून विचारण्याचे सौजन्य दोन्ही राज्यांनी दाखवले नाही, ही खरी तक्रार आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, दोन्ही ग्रंथ परस्परपूरक आहेत. सँड्स यांच्यामुळे अन्यायाचा पुरावा स्थिर होतो. पटेल यांच्यामुळे न्यायनिवाड्यात न मावणारे नुकसान कळते. राज्याला भूमी परत मिळणे आणि माणसाला घर परत मिळणे यांतील अंतर मात्र कादंबरीनेच अधिक अचूक ओळखले आहे, तेही निकालाच्या चौदा वर्षे आधी. या खटल्यात भारताने मॉरिशसची बाजू घेतली होती. मॉरिशसमध्ये मराठी भाषकांचाही समाज आहे आणि तेथील मराठी अध्यापनाशी आपले जुने नाते आहे. त्या बेटाकडे आप्तभावाने पाहताना पोर्ट लुईच्या धक्क्यावरील शार्लेझिया आपल्या दृष्टीआड होऊ नये. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासक्रमात या कादंबरीला स्थान मिळाल्यास विस्थापनाचा विचार धरणाच्या भिंतीपलीकडे, समुद्रापर्यंत नेता येईल.