मागचं पुसलेलं चित्र

निसर्ग-छायाचित्रण शिकणाऱ्याला पहिला धडा हाच मिळतो: पक्षी स्पष्ट, मागचं धूसर. अ‍ॅपर्चर मोठं उघडा, पक्ष्याच्या जवळ जा आणि मागची झाडी पक्ष्यापासून लांब असेल अशी जागा निवडा. चित्र सुंदर येतं, यात वाद नाही. पण डोंगरीतला खंड्या आणि केरळातला खंड्या एकाच हिरव्या पडद्यापुढे बसल्यासारखे दिसतात. कोण ते कळतं, कुठला ते कळत नाही.

आता याच्या उलट बघा. नयन खानोलकर यांच्या बिबट्याच्या छायाचित्राला २०१६ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी गटाचा पुरस्कार मिळाला. जागा आरे कॉलनीतली, वारली पाड्यातली गल्ली. बिबट्यानं चौकट व्यापू नये, असा कॅमेरा त्यांनी लावला. गल्लीत एरवी असतो तसाच उजेड वाटावा, असे फ्लॅश मांडले. मनासारखं चित्र मिळायला चार महिने गेले.

कुणी म्हणेल, फ्लॅशचा उजेड म्हणजे बनवाबनवी. मला तसं वाटत नाही. इथं कृत्रिम उजेड जागेचं खरं रूप सांगतो. उलट सूर्यास्तासमोरची काळी आकृती अस्सल उन्हात काढलेली असते, पण जागेबद्दल ती फारसं बोलत नाही. म्हणजे प्रश्न उजेड कुठून आला हा नाही. त्यानं काय दाखवलं, हा आहे.

या चित्राला मर्यादाही आहे. वारली लोक वाघोबाला देव मानतात. हे नातं चित्रात येत नाही, ते शब्दांनीच सांगावं लागतं. नवख्या माणसाला तिथं नुसती भीतीच दिसू शकते.

आपल्या डोंगरीत याला वेगळंच वजन आहे. मेट्रो ९ च्या कारशेडसाठी इथली हजारो झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून वाद झाला. अशा वेळी छायाचित्र साक्षीदार होऊ शकतं. पण मागचं पुसलेलं चित्र साक्ष काय देणार? टेकडी बोडकी झाली, तरी लांबच्या एखाद्या झुडपाचा तोच हिरवा पडदा मिळेल!

म्हणून एवढंच करा. पक्ष्याचं जवळून चित्र काढलंत की चार पावलं मागं या. अ‍ॅपर्चर एफ/११ पर्यंत लहान करा. सकाळचं तिरपं ऊन बाजूनं घ्या, म्हणजे झाडांचे आकार उठून दिसतील. पक्षी लहान दिसेल, दिसू द्या. तो कुठं राहतो, हे तरी कळेल.