पाण्यावरून पाहिलेले ॲमस्टरडॅम

एखादे शहर हा ग्रंथ मानला, तर त्यातून घडविलेली नौकाफेरी हे त्या ग्रंथाचे रसग्रहणच होय. आणि रसग्रहणास जी कसोटी लावतात, ती या फेरीसही लावावयास हरकत नाही. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून काचेच्या छताच्या नावेत बसवून प्रवाशांस जी तासाभराची सैर घडवितात, तिची परीक्षा आम्ही याच दृष्टीने करीत आहो.

प्रथम गुण पाहू. हे नगर पाण्यावरूनच पाहावे, हा या फेरीचा मूळ विचार सर्वथा यथार्थ आहे. १६१३ पासून खणण्यास आरंभ झालेले हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त व प्रिन्सेनग्राख्त हे कालवे केवळ शोभेचे नव्हते. व्यापाऱ्यांचा माल त्यांवरूनच दारापर्यंत येई. घरोघरी माथ्यावर एक तुळई पुढे आलेली असून तिला लोखंडी आकडा आहे. दोरखंडाने माल वर ओढून माळ्यावर साठवीत, आणि तो भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक घरांची दर्शनी भिंत किंचित पुढे झुकलेली ठेवीत. रस्त्यावरून जी केवळ गंमत वाटते, तिचा अर्थ पाण्यावरून उलगडतो. अरुंद घरे खांद्याला खांदा लावून उभी आहेत. प्रत्येकाचा माथा निराळा, पण ओळ कोठेही विसकटत नाही. व्यक्तीची हौस आणि नगराची शिस्त यांचा असा मेळ क्वचितच आढळतो.

तथापि एक उणीव अक्षम्य आहे. ही फेरी घरांचे मुखवटे दाखविते, जमाखर्च दाखवीत नाही. आम्ही ऐकलेल्या ध्वनिमुद्रित निवेदनात ‘सुवर्णयुग’ हा शब्द वारंवार आला. ते सोने कोणाच्या घामाचे, हे एकदाही आले नाही. वेंगुर्ल्यास ज्या डच कंपनीची वखार होती, तिचे भागीदार याच कालव्यांच्या काठी राहत. हेरेनग्राख्तवरील ५०२ क्रमांकाचे घर, जे आज नगराध्यक्षांचे निवासस्थान आहे, ते गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या पाउलुस गोदिन याच्यासाठी बांधलेले. त्यासमोर २००६ साली स्मृतिशिला बसविण्यात आली. नावेतील सखल आसनावरून ती दिसणे कठीण. २०१९ मध्ये ॲमस्टरडॅम संग्रहालयाने ‘सुवर्णयुग’ हा शब्दच सोडला आणि १ जुलै २०२१ रोजी नगराध्यक्षांनी शहराच्या वतीने क्षमा मागितली. शहराने स्वतः केलेला हा पुनर्विचार नावेपर्यंत मात्र पोहोचलेला दिसत नाही.

प्रिन्सेनग्राख्त २६३ पाशी तर ही मर्यादा असह्य होते. ॲन फ्रँक व आणखी सात माणसे जुलै १९४२ पासून ऑगस्ट १९४४ पर्यंत तेथे लपून राहिली, ती मागील घरात. पुढील भाग पाहणाऱ्यास मागचे कळू नये, यावरच त्यांचे प्राण अवलंबून होते. पाण्यावरून दिसतो तो पुढील भागच.

सारांश, वास्तुशिल्पाची ओळख म्हणून ही फेरी उत्तम आहे. इतिहास म्हणून अपुरी. वाचकांपैकी कोणी तेथे गेल्यास नावेत अवश्य बसावे, पण उतरल्यावर पायी परत जाऊन ती शिला वाचावी आणि ते मागील घर पाहावे.