पितळेच्या कडेवरची सही

जुन्या यंत्रपुतळ्यांचे कौतुक आपण बहुधा एकाच मापाने करतो : ‘अगदी हुबेहूब माणूस!’ मला हे माप फार तोकडे वाटते.

फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये असा एक पुतळा आहे. किल्ली दिली की तो चार चित्रे काढतो आणि तीन कविता लिहितो. दोन फ्रेंच, एक इंग्रजी. १९२८ साली ब्रॉक घराण्याकडून तो संस्थेत आला, तेव्हा आगीत सापडून मोडकळीस आलेला होता. त्याचा कर्ता मेल्झेल असावा, असा त्या घराण्याचा समज. संस्थेतील कारागिराने खटपट करून तो चालता केला. आणि पठ्ठ्याने एका कवितेच्या कडेला चक्क लिहून दिले की, हे लेखन मायार्देच्या यंत्राचे! आंरी मायार्दे म्हणजे लंडनमध्ये राहून काम केलेला स्विस घड्याळजी. सव्वाशे वर्षांमागचे त्याचे नाव त्याच्याच कृतीने सांगितले.

हे नाव जपले कोठे होते? पितळी चकत्यांच्या कडांवर. चकती फिरू लागली की तिच्या उंचसखल कडेवरून पोलादी बोट सरकते, आणि दांड्यांच्या द्वारे पुतळ्याचा हात आडवा, मागेपुढे, वरखाली हलतो. कडेवरचा चढउतार हेच येथले अक्षर.

स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाके-द्रो यांचा, १७७४ साली लोकांपुढे आलेला ‘लेखक’ आहे. त्याला ४० अक्षरांपर्यंतचा हवा तो मजकूर लावून देता येतो. कल्पकतेत तोच सरस, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तो लेखणी आहे. मायार्देचा पुतळा ही पोथी आहे.

म्हणूनच त्याची दुरुस्ती हे मला नुसते लोहारकाम वाटत नाही. ते पाठसंशोधन आहे. मोडकी दांडी बदलावी, थकलेली स्प्रिंग नवी घालावी. पण ‘जरा गुळगुळीत करू’ म्हणून चकतीच्या कडेवर कानस फिरवली, तर ओळीच पुसल्या जातील. उत्साही लेखनिकाने पोथी ‘सुधारावी’, तसेच ते.

मग झीज होते म्हणून पुतळा कपाटात मुकाच ठेवावा काय? मला तेही पटत नाही. तो न चालता तर मायार्दे आजही अज्ञातच राहता. क्वचित चालवावा, जपून चालवावा, पण चालवावा. वाचलीच न जाणारी पोथी सुरक्षित असते खरी, पण ती कोणाशी बोलत नाही.