भैरवीतल्या सोयराबाई

गायिकेचे चरित्र तिला घडवणाऱ्या गाण्यांतून वाचावे. किशोरी आमोणकरांचे (१९३२–२०१७) तसे वाचून पाहा. पहिले गाणे आई मोगूबाई कुर्डीकरांच्या तालमीतले, जयपूर घराण्याच्या शिस्तीचे. दुसरे १९६४ च्या ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटातले. त्या वाटेवर ताई रमल्या नाहीत. तिसरा संत सोयराबाईंचा, श्रीरंगाच्या रंगाचा, भैरवीतला अभंग.

आम्हा कीर्तनकारांचे दैवत शब्द. ताई स्वराला शब्दापुढे मानत. म्हणून त्यांची आलापी मला पूर्वी अभंगावरचे ओझे वाटे. चूक माझीच होती. देव-भक्तांतला भेद मावळतो, हे मी तासभर निरूपणात सांगे. ताई ते एका ठेहरावाच्या स्वरात ऐकवत.

खंत एकच. आपण त्याला ‘किशोरीताईंचा अभंग’ म्हणतो. चोखोबांच्या घराला देवळाबाहेर ठेवले गेले. सोयराबाईंचे नाव आपण अभंगाबाहेर ठेवतो. त्यांनी मुद्रेतही स्वतःचे नाव घातले नाही. पतीचे आणि जातीचे सांगितले. माउली, पुढच्या वेळी शेवटचे चरण कान देऊन ऐका, आणि त्यांनी न घेतलेले नाव आपण घ्या.